'तोच हा' कशावरून ?

मनुष्याच्या सर्व ज्ञानांत ज्याविषयीं त्याला सर्वांत कमी शंका येते असें ज्ञान म्हणजे परिचित माणसाची ओळख होय. गणिताचा सिद्धांत पुन्हां पडताळून पाहावा असें आपणांस वाटतें, इतिहासांतील विधानास आधार मागावा असें वाटतें. परंतु दारांत उभा राहिलेला गृहस्थ आपला भाऊ आहे कीं नाहीं, याचा पुरावा कोणी मागत नाहीं. तसा पुरावा मागणारास आपण चिकित्सक म्हणणार नाहीं, वेडा म्हणूं. आणि तरीहि ज्ञान म्हणजे काय, सत्य म्हणजे काय, आणि एखादी वस्तु 'तीच' आहे असें म्हणण्याचा अर्थ काय, हे तत्त्वज्ञानांतील तीन जुने व अवघड प्रश्न याच साध्या ओळखीच्या पोटांत दडून बसलेले आहेत. एरव्हीं ते दिसत नाहींत. ओळख चुकण्याचा संभव उत्पन्न झाला, आणि त्या चुकीवर कोणाचें जीवित, कोणाचें सौभाग्य किंवा कोणाचें राज्य अवलंबून असलें, म्हणजे मात्र ते तीनहि एकदम बाहेर येतात. महाराष्ट्राच्या इतिहासांत असा एक प्रसंग घडलेला आहे. त्याच्याच आधारानें या प्रश्नांचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. त्यांच्या अखेरीविषयीं एकमेकींशीं न जुळणाऱ्या हकीकती देशभर पसरल्या. शुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेल्या काशीराज पंडितानें पुढें फारसींत जी हकीकत लिहिली तींत असें सांगितलें आहे कीं, रणांत शिर नसलेलें एक प्रेत सांपडलें, आणि जुन्या वाराचा व्रण व नित्याच्या नमस्कारांनीं पडलेले घट्टे अशा अंगावरील खुणांवरून तें भाऊंचें ठरविण्यांत आलें. परंतु पुण्यांतील पुष्कळांचें यानें समाधान झालें नाहीं. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनीं पतीचें निधन मान्य केलें नाहीं व त्या सौभाग्यचिन्हें धारण करूनच राहिल्या. अशा स्थितींत, आपणच भाऊसाहेब आहों असें सांगणारा एक कनोजी ब्राह्मण पुढें आला. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत त्याची चौकशी होऊन तो तोतया ठरला व कैदेंत पडला. १७७६ सालीं तो रत्नागिरीच्या किल्ल्यांतून बाहेर पडला, तेव्हां त्यास सांभाळण्यासाठीं नेमलेल्या अधिकाऱ्यानेंच त्याची बाजू घेतली होती. कोंकणांतील किल्ले त्याच्या हातीं जाऊं लागले आणि हजारों लोक त्याच्या निशाणाखालीं जमले. महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनीं त्याचा मोड केला. समुद्रमार्गानें पळून जात असतां तो रघूजी आंग्रे यांच्या हातीं सांपडला. पुण्यास पुन्हां चौकशी झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यास देहान्त शिक्षा देण्यांत आली. न. चिं. केळकर यांच्या 'तोतयाचें बंड' या नाटकामुळें ही कथा मराठी वाचकांस सुपरिचित आहे. म्हणून तिचा अधिक विस्तार न करतां तींतून निघणाऱ्या विचाराकडे वळूं.

पुण्याच्या दरबारापुढें जो प्रश्न होता तो वरवर पाहतां एकच दिसतो: हा मनुष्य भाऊसाहेब आहे काय ? परंतु त्याचे तीन पदर आहेत, आणि ते निरनिराळे ठेविले नाहींत तर विचाराचा गोंधळ उडतो. पहिला पदर सत्याचा. हा तोच आहे किंवा नाहीं, यांपैकीं एक कांहीं तरी खरें आहे, मग तें कोणास ठाऊक असो वा नसो. दुसरा ज्ञानाचा. जें खरें आहे तें आपणांस कशावरून कळावें, आणि कळलें असें केव्हां म्हणावें ? तिसरा तादात्म्याचा. पानिपतापूर्वींचा 'तो' व पंधरा वर्षांनंतरचा 'हा' हे एकच आहेत असें म्हणतांना त्या दोहोंत नक्की काय एक असावें लागतें ? व्यवहारांत या तिन्हींची मिसळ होते. 'सर्वांनीं ओळखलें, म्हणून तो तोच', असें म्हणणारा मनुष्य ज्ञानाच्या साधनास सत्याच्या जागीं बसवितो. आणि 'तोंडवळा जुळतो, म्हणून तो तोच', असें म्हणणारा ओळखीच्या खुणेलाच एकत्व समजतो.

तिसऱ्या पदरापासून आरंभ करूं. 'तोच हा देवदत्त' हें वाक्य आमच्या शास्त्रकारांनीं शतकानुशतकें घोटलेलें आहे. या प्रकारच्या ज्ञानास ते प्रत्यभिज्ञा म्हणतात. त्यांतील 'हा' डोळ्यांपुढें असतो, 'तो' स्मरणांत असतो, आणि दोहोंची गांठ घालणारें ज्ञान या क्षणीं उत्पन्न होतें. बौद्ध पंडितांचा यावर आक्षेप असा कीं, ही गांठच खोटी आहे. पाहणें हें एक ज्ञान, आठवणें हें दुसरें. दोहोंचे विषय वेगळे. आणि जगांतील प्रत्येक वस्तु क्षणोक्षणीं नवी होत असल्यामुळें 'तोच' असें म्हणण्यासारखें कांहीं उरतच नाहीं. दिव्याची ज्योत रात्रभर एकच दिसते, पण ती क्षणाक्षणाला निराळ्या तेलावर जळत असते. कापलेलीं नखें पुन्हां वाढतात आणि आपण तीं तींच समजतों. सादृश्य पाहून एकत्वाचा भ्रम होतो, एवढाच त्यांच्या मतें ओळखीचा अर्थ.

नैयायिकांनीं याला जें उत्तर दिलें तें आजहि विचारांत घेण्याजोगें आहे. ज्योतीच्या बाबतींत आपण फसतों, हें त्यांना मान्य आहे. परंतु फसलों हें कळण्यास, ज्योती अनेक आहेत हें ज्यानें पाहिलें तो पाहणारा तरी पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत एक असावा लागतो. एकानें पाहिलेलें दुसऱ्यास आठवत नाहीं. ज्यानें काल पाहिलें त्यालाच आज आठवतें. यावरून त्यांनीं नित्य आत्मा सिद्ध केला. तेथपर्यंत त्यांच्याबरोबर जावें कीं नाहीं हा प्रश्न आम्ही बाजूस ठेवितों. येथें पाहण्यासारखें हें कीं, वादी आणि प्रतिवादी या दोघांनींहि एक गोष्ट निर्विवाद धरलेली आहे: सादृश्य निराळें आणि एकत्व निराळें. बौद्धास एकत्व मिळत नाहीं व नैयायिकास मिळतें. पण सारखेपणा म्हणजेच एकपणा असें दोघांपैकीं कोणीहि म्हणत नाहीं. तोतयाचा सगळा उद्योग मात्र हा भेद बुजविण्याचाच असतो.

तथापि 'तोच हा' या वाक्यांत आणखी एक अडचण आहे. कोणतीहि वस्तु स्वतःशीं एकरूप असणारच. मग 'क्ष हा क्ष आहे' असें सांगून नवें तें काय सांगितलें? जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगे यानें १८९२ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत याचा उलगडा केला. पहाटे पूर्वेस दिसणारा तेजस्वी तारा आणि संध्याकाळीं पश्चिमेस दिसणारा तेजस्वी तारा हे एकच, म्हणजे शुक्र. पण हें कळणें ही एक ज्योतिषशास्त्रीय प्राप्ति होती. वस्तु एक असली तरी तिच्यापर्यंत पोंचण्याच्या वाटा दोन होत्या, आणि त्या दोन्ही वाटा एकाच ठिकाणीं येतात हें कोणीं तरी चालून पाहावें लागलें. भाऊसाहेबांच्या बाबतींत 'तो' या टोकाला जाणारी वाट आठवणींची, आणि 'हा' या टोकाला जाणारी वाट प्रत्यक्षाची. मधला पंधरा वर्षांचा प्रदेश कोणीं पाहिलेला नाहीं. जो त्या प्रदेशाची हकीकत सांगतो तोच प्रस्तुत प्रकरणांतला पक्षकार. मग ती वाट चालून पाहावी कशी ?

कोणी म्हणेल, त्याची स्मृति तपासावी. इंग्रज तत्त्वज्ञ लॉक यानें आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या आवृत्तींत हेंच मत मांडलें: व्यक्तीचें एकत्व देहावर अवलंबून नाहीं, जाणिवेच्या सातत्यावर आहे. राजपुत्राची जाणीव चांभाराच्या देहांत शिरली तर ती व्यक्ति राजपुत्रच, असें त्याचें म्हणणें. यावर रीड या स्कॉटिश तत्त्वज्ञानें १७८५ सालीं खोंच काढली. लहानपणीं मार खाल्लेला मुलगा पुढें शूर अंमलदार होतो, आणि तो अंमलदार पुढें सेनापति होतो. अंमलदारास तो मार आठवतो. सेनापतीस अंमलदारीचा पराक्रम आठवतो, पण मार आठवत नाहीं. मग सेनापति हा अंमलदार, अंमलदार हा तो मुलगा, आणि तरीहि सेनापति तो मुलगा नव्हे, असें म्हणावें लागेल. आणि तें तर उघड असंबद्ध आहे. शिवाय तोतयाच्या बाबतींत स्मृतीची परीक्षा दुहेरी लंगडी पडते. ज्याला आठवत नाहीं तो विसरला असेल, आणि ज्याला आठवतें त्याला कोणीं तरी पढविलें असेल.

हा प्रश्न केवळ कल्पनेचा नव्हे, हें विसाव्या शतकांतील भोवालच्या खटल्यावरून दिसून येतें. ढाक्याजवळील भोवाल येथील जमीनदारीचे मधले कुमार रमेंद्रनारायण राय हे १९०९ च्या मे महिन्यांत दार्जिलिंग येथें वारले, असें सर्वत्र धरण्यांत आलें होतें. बारा वर्षांनीं, १९२१ सालीं, ढाक्यास आलेल्या एका संन्याशानें आपण तेच कुमार आहों असें सांगितलें. स्मशानांत वादळी पाऊस आल्यामुळें लोक पळाले, संन्याशांनीं आपणांस वांचविलें, आणि पुढें कित्येक वर्षें आपली स्मृतीच नष्ट झाली होती, अशी त्याची हकीकत. कुमारांची बहीण ज्योतिर्मयी हिनें त्यास ओळखलें. पत्नी विभावतीदेवी यांनीं साफ नाकारलें. १९३० सालीं दावा दाखल झाला. हजारांवर साक्षीदार तपासले गेले. १९३६ सालीं न्यायाधीश पन्नालाल बसू यांनीं संन्याशाच्या बाजूनें निकाल दिला. १९४० सालीं कलकत्त्याच्या हायकोर्टांत तीन न्यायमूर्तींपैकीं दोघांनीं तोच कायम केला व एकानें विरुद्ध मत दिलें. आणि १९४६ च्या जुलैअखेर प्रिव्ही कौन्सिलनें अपील फेटाळलें. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो विजयी वादी मरण पावला.

लॉकच्या मतानें पाहिलें तर ज्या वर्षांत कुमारांस कांहींच आठवत नव्हतें त्या वर्षांत ते कुमार नव्हतेच. न्यायालयानें हा मार्ग धरला नाहीं. त्यानें देहाचें सातत्य शोधलें. अंगावरील खुणा, पायाचा आकार, चेहऱ्याची ठेवण यांवर मुख्य वाद झाला. हेंच काशीराजाच्या हकीकतींतहि दिसतें: शिर नसतां, म्हणजे ओळखीचें मुख्य साधनच नसतां, व्रण व घट्टे पाहून निश्चय केला गेला. घट्टा एका दिवसांत पडत नाहीं; वर्षानुवर्षें केलेल्या नमस्कारांचा तो देहावर उमटलेला लेख आहे. आमच्या मतें व्यक्तीच्या एकत्वाचें रहस्य अशाच कांहीं गोष्टींत आहे. एखाद्या क्षणीं दोन चित्रें जुळलीं म्हणजे व्यक्ति एक ठरत नाहीं. भूतकाळानें वर्तमानावर कारणरूपानें काम केलेलें असावें लागतें. आजचा व्रण कालच्या जखमेनें झालेला असला पाहिजे, आजची आठवण कालच्या अनुभवानेंच ठेविलेली असली पाहिजे. पढविलेली आठवण व खरी आठवण शब्दशः सारखीच असूं शकेल. त्यांतील फरक त्या कोठून आल्या यांत आहे.

आतां ज्ञानाच्या पदराकडे येऊं. पुण्यांतील दोन माणसें कल्पावीं. एक म्हणतो, हा तोतया आहे. कारण मीं भाऊसाहेबांच्या जवळ चाकरी केलेली आहे, त्यांच्या सहवासांतील ज्या गोष्टी विचारल्या त्यांचीं उत्तरें याला देतां आलीं नाहींत. दुसरा म्हणतो, हा तोतया आहे. कारण तो भाऊ ठरला तर माझें वतन जाईल. दोघांचेंहि विधान खरें आहे. पण दोघांसहि ज्ञान झालें आहे असें आपण म्हणूं काय ? प्लेटोच्या 'थीटेटस' या संवादांत सॉक्रेटिस हाच मुद्दा न्यायालयाच्या उदाहरणानें मांडतो: प्रत्यक्ष पाहणारासच जी गोष्ट कळूं शकेल ती वक्त्याच्या भाषणानें पटून न्यायाधीशांनीं योग्य निकाल दिला, तर त्यांचें मत खरें असेल, पण तें ज्ञान नव्हे. आपल्याकडे बाराव्या शतकांत 'खण्डनखण्डखाद्य' लिहिणाऱ्या श्रीहर्षानें याच मर्मावर बोट ठेविलें. धुक्यास धूर समजून कोणीं डोंगरावर अग्नि आहे असें अनुमान केलें, आणि योगायोगानें तेथें अग्नि खरोखरच असला, तर त्याचें म्हणणें यथार्थ ठरतें, पण त्यास अग्नीचें ज्ञान झालें म्हणावें काय ? मुठींतील कवड्या किती, याचा नुसता अंदाज बरोबर आला म्हणजे तें ज्ञान काय ? १९६३ सालीं एडमंड गेटियर या अमेरिकन तत्त्वज्ञानें तीन पानांच्या एका लेखांत अशाच उदाहरणांनीं 'सकारण खरा विश्वास म्हणजे ज्ञान' या व्याख्येस धक्का दिला आणि त्यावर आजपर्यंत वाद चालूं आहे. श्रीहर्षाचा उद्देश सर्व व्याख्यांचें खंडन करण्याचा होता, गेटियरचा एकीचाच; तरी दोघांपासून एकच बोध घ्यावयाचा कीं, खरें बोलणें आणि जाणणें यांमध्यें दैवाला जागा असतां कामा नये.

येथें एक आक्षेप येतो व तो आजकाल पुष्कळांच्या तोंडीं आहे. ते म्हणतात, सत्य म्हणून मान्यतेहून वेगळें कांहीं नाहीं. समाज ज्यास खरें म्हणतो तेंच खरें. कोण कोण आहे हें शेवटीं सत्ता ठरविते. पुण्याचा दरबार बलवान् होता म्हणून तो इसम तोतया झाला; तोतयाची फौज जिंकती तर तोच भाऊसाहेब झाला असता. या मतांत सत्याचा एक अंश आहे. सत्ता पुरावा दडपूं शकते, साक्षीदार विकत घेऊं शकते, आणि इतिहास पुष्कळ वेळां जेत्यांनींच लिहिलेला असतो. परंतु एवढ्यावरून जो निष्कर्ष काढला जातो तो निघत नाहीं. 'तोतया' हा शब्दच त्याच्या आड येतो. मान्यता म्हणजेच सत्य असेल, तर ज्याला सर्वांनीं मान्य केलें असा तोतया ही कल्पनाच वदतोव्याघात होईल. तो सर्वांस मान्य झाला त्या क्षणींच खरा होईल. पण सर्वांना फसविणारा तोतया असूं शकतो, हें आपणांस सहज कळतें, किंबहुना त्याचेंच भय वाटतें. तसेंच सर्वांनीं तोतया ठरविलेला खरा मनुष्यहि असूं शकतो. त्याच्यावर अन्याय झाला असें म्हणण्यास, तो खरोखर तोच होता हें कोणाच्याहि मान्यतेवाचून खरें असावें लागतें. सत्य मान्यतेंत विरघळविलें म्हणजे अन्यायाची तक्रार करण्यास जागाच उरत नाहीं. दुर्बळांच्या कैवारासाठीं हें मत मांडणारांनीं याचा विचार करावा.

मग सत्य आपल्याहून स्वतंत्र, आणि आपलें ज्ञान तर चुकण्यासारखें. अशा स्थितींत मनुष्यानें वागावें कसें? येथें मीमांसक व नैयायिक यांचा प्रामाण्यवाद आमच्या उपयोगीं पडतो. मीमांसक म्हणतो, ज्ञान हें स्वतःच प्रमाण असतें. बाधक पुरावा येईपर्यंत त्यावर विश्वास ठेवावा. नैयायिक म्हणतो, प्रामाण्य बाहेरून ठरतें. ज्ञानानुसार वागून पाहावें आणि फळ मिळालें म्हणजे तें प्रमाण समजावें. मृगजळ कीं पाणी, हें तहान भागली कीं नाहीं यावरून कळतें. आम्हांस वाटतें कीं, व्यवहारांत या दोन्ही मतांना आपापला प्रांत आहे. दारांत आलेल्या भावाला मीमांसकाप्रमाणें आंत घ्यावें. तेथें पुरावा मागणें हा ओळखीचा अपमान होय. पण जेथें मरण पावलेला मनुष्य परत आला आहे, आणि त्याच्यामागें राज्याचा हक्क किंवा जमीनदारीचें उत्पन्न उभें आहे, तेथें नैयायिकाची कसोटी लावलीच पाहिजे. विधान जितकें असाधारण व त्याचा परिणाम जितका मोठा, तितकी परीक्षा कडक असावी.

प्रिव्ही कौन्सिलचा निकाल या दृष्टीनें लक्षांत ठेवण्यासारखा आहे. खालच्या दोन न्यायालयांनीं वस्तुस्थितीविषयीं एकच निर्णय दिला असतां आपण सहसा त्यांत हात घालीत नाहीं, या आपल्या प्रघातावर त्यांनीं अपील फेटाळलें. हा मनुष्य कोण, याचा आरंभापासून नवा शोध त्यांनीं लावला नाहीं. वाद कोठें थांबावा एवढें ठरविलें. यांत कोणी उणेपणा पाहील, आम्हांस त्यांत प्रामाणिकपणा दिसतो. न्यायालय सत्य निर्माण करीत नाहीं व सर्वज्ञहि नसतें. उपलब्ध कारणांवरून निर्णय करणें हें त्याचें काम. मात्र यावरूनच दुसरी गोष्ट निघते. निर्णय आणि सत्य यांमध्यें अंतर राहूं शकतें, तर ज्या निर्णयाची चूक कधींहि दुरुस्त करतां येणार नाहीं त्याच्यापुढें हात कांपला पाहिजे. जमीनदारी परत घेतां येते. घेतलेला प्राण देतां येत नाहीं. पुण्याचा निकाल बरोबर होता, असें मानण्यास भरपूर आधार आहे, आणि बंडामुळें राज्य संकटांत होतें हेंहि खरें. तरीपण देहान्त शिक्षेचें समर्थन केवळ 'आम्हांस खात्री होती' एवढ्यानें होत नाहीं, कारण खात्री ही मनाची अवस्था आहे आणि ती तोतयाच्या अनुयायांनाहि होतीच.

आजच्या शास्त्रानें हे प्रश्न निकालांत काढले, असेंहि कोणी म्हणेल. रक्ताच्या थेंबावरून आनुवंशिक द्रव्याची परीक्षा करतां येते. भोवालचा खटला आज उभा राहता तर सोळा वर्षें चालता ना. हें आम्हांस मान्य आहे. पण या परीक्षेनेंहि पुरावाच मिळतो, एकत्वाची व्याख्या मिळत नाहीं. जुळ्या भावांचें तें द्रव्य जवळजवळ एकच असूं शकतें आणि भाऊ तर दोन असतात. सादृश्य व एकत्व यांचा जुना भेद तेथेंहि कायम राहतो. दुसऱ्या बाजूनें, आतां यंत्रें मनुष्याचा आवाज व चेहरा इतका हुबेहूब उठवितात कीं, दूरध्वनीवर बोलणारा आपलाच मुलगा आहे काय, असें विचारण्याची पाळी सामान्य गृहस्थावर आलेली आहे. पूर्वीं तोतया होण्यास राजपुरुषाचा तोंडवळा लागे. आतां तोहि लागत नाहीं. ज्या प्रश्नास दोनशें वर्षांपूर्वीं केवळ दरबाराला तोंड द्यावें लागलें तो आतां घरोघरीं आला आहे.

शेवटीं एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. या दोन प्रकरणांत दोन स्त्रिया आहेत. पार्वतीबाईंनीं मृत्यूची वार्ता नाकारली. विभावतीदेवींनीं परतीची वार्ता नाकारली. एकीचा नकार प्रेमाचा म्हणून लोकांनीं गौरविला, दुसरीचा स्वार्थाचा म्हणून निंदिला. परंतु ज्ञानाच्या दृष्टीनें पाहतां प्रेम काय किंवा स्वार्थ काय, दोन्ही प्रमाणें नव्हेत. आपणांस काय हवें आहे यावरून काय आहे तें ठरत नाहीं. म्हणून पार्वतीबाईंस दोष द्यावा असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या प्रेताला शिर नव्हतें त्याच्या वार्तेवर जिनें विश्वास ठेविला नाहीं तिनें कोणाचें कांहीं हिरावून घेतलें नाहीं. दोष असलाच तर तो, जुन्या धन्याचें नांव पुढें करून आपलें इच्छित साधूं पाहणाऱ्या मंडळींचा. त्यांतील कित्येकांस, हा भाऊसाहेब नव्हे, हें कळत असलें पाहिजे. आणि ज्यांस कळत नव्हतें त्यांनीं तें कळून घेण्याची खटपट केली नाहीं. ही खटपट न करणें हाच येथला खरा नैतिक अपराध होय. खोटें बोलणारास सत्य ठाऊक तरी असतें. सोयीचें तें खरें धरून चालणारा मात्र त्याची चौकशीच करीत नाहीं.

यावरून व्यवहारासाठीं एकच नियम आम्हांस सांगावासा वाटतो. ज्या निष्कर्षानें आपला लाभ होतो, किंवा ज्यानें आपलें दुःख हलकें होतें, त्याला इतर निष्कर्षांहून दुप्पट पुरावा मागावा. 'तोच हा' असें म्हणण्याची मनास फार ओढ लागली, म्हणजे 'कशावरून ?' हा प्रश्न आपणच आपणांस विचारावा, तो शत्रूनें विचारीपर्यंत थांबूं नये. असें केल्यानें आपण कधींच चुकणार नाहीं असें नाहीं. पण चुकलोंच तर ती चूक डोळे उघडे ठेवून झालेली असेल, आणि नवा पुरावा पुढें आला असतां ती सोडून देणें जड जाणार नाहीं.